हट्टानं मागून घेतलेली ताकीद

आमच्या कंपनीकडे अकरा विमानं होती आणि ती कोणी, कधी, कुठे न्यायची हे मी ठरवत होते. ऐकायला हे फार भव्य वाटतं, म्हणून मी ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करते. प्रत्यक्षात मी अबू धाबीच्या विमानतळाजवळ एका बिनखिडकीच्या खोलीत, दोन पडद्यांसमोर, एसीच्या गारठ्यात शाल पांघरून बसत असे. हुद्दा रोस्टर ऑफिसर. कंपनी छोटी, विमानं भाड्यानं देणारी. आज माल, उद्या यात्रेकरू, परवा कुणाची तरी फुटबॉलची टीम. पण वैमानिक आकाशात कितीही रुबाबात असोत, महिन्याची वीस तारीख उलटली की ते माझ्या टेबलाशी येताना टोपी काढून हातात घेत. पंचविसाला पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायचं. कुणाला बायकोच्या वाढदिवसाला घरी राहायचं असायचं, कुणाला बायकोच्या वाढदिवसाला घरी राहायचं नसायचं. टेबलावर खजूर येत, बकलावा येई, एकदा तर त्रिवेंद्रमहून फणसाचे गरे आले. मी सगळं आनंदानं खात असे आणि रोस्टर नियमांनीच लावत असे. त्यामुळे माझ्याबद्दल क्रूची एकच तक्रार होती, की ही बाई लाच घेते आणि काम करत नाही.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. माझा गुन्हा हिरव्या रंगाचा होता.

पडद्यावर प्रत्येक माणसाची एक ओळ आणि ओळीत दिवसाचा एक चौकोन. त्या दिवशी माणूस कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळलं की चौकोन हिरवा. कळलं नाही की लाल. रोज सकाळी नऊ वाजता आमचा विभागप्रमुख हातात चहाचा मग घेऊन माझ्या मागे उभा राहायचा आणि लाल चौकोन मोजायचा. आयर्लंडचा होता, मनानं सज्जन, पण त्या लालाचा आकडा त्याला वर कळवावा लागे. पाचाच्या वर आकडा गेला की त्याचे कानही चौकोनांच्या रंगाचे होत. आणि ते सॉफ्टवेअर ज्या कुणी बनवलं त्याला माणसाच्या आयुष्यात तीनच गोष्टी घडतात असं वाटत होतं: आजारपण, वार्षिक रजा आणि ट्रेनिंग. कुणी हजला जातं, कुणाच्या वडिलांचे दिवस असतात, कुणाचा व्हिसा अडकतो, कुणाचं लग्न मोडून ती चार दिवस नुसती रडत असते, ह्याला त्याच्यात खूणच नव्हती. नवी खूण मागवायची तर एक फॉर्म भरायचा आणि पुढच्या ऋतूपर्यंत वाट बघायची.

मग मला एक खूण सापडली. ‘घरी, उपलब्ध’. म्हणजे माणूस घरी आहे, बोलावलं तर येईल. ती टाकली की अख्खी ओळ भाताच्या खाचरासारखी हिरवीगार. खरं कारण मी माझ्या डायरीत लिहून ठेवत असे, म्हणजे चुकून कुणाला बोलावलं जाणार नाही. माझ्या शेजारची मनिलाची मुलगी आणि पलीकडचा कोट्टायमचा गृहस्थ, दोघांना मराठीचे दोनच शब्द येत आणि ते मीच शिकवलेले होते: ‘हिरवं कर’. चार वर्षं आम्ही हिरवं करत होतो. बाळंतपणाच्या खोलीत कळा देणारी बाई आमच्या पडद्यावर घरी, उपलब्ध. पित्ताशयाचं ऑपरेशन चाललेला कॅप्टन घरी, उपलब्ध. कुणाचं काही बिघडलं नाही. विभागप्रमुख म्हणायचा, तू आलीस आणि माझं ब्लडप्रेशर उतरलं. मी ह्या वाक्यावर फार खूष होते.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आमचा एक सहवैमानिक माझ्याकडे एक पत्र घेऊन आला. तिशीचा, इथलाच, अमिराती. आठ वर्षं कंपनीत. सिनिऑरिटीच्या यादीत सातवा, म्हणजे चार-सहा महिन्यांत कॅप्टनकीच्या परीक्षेला बसणार असा. अत्यंत अदबीचा माणूस. त्याचं हिंदी लहानपणी घरच्या ड्रायव्हरकडून शिकलेलं, त्यामुळे त्यात कधी कधी ट्रकवाल्यांचे शब्द येत आणि त्याला त्याचा पत्ता नसे. पत्र लष्कराचं होतं. त्याची राष्ट्रीय सेवा आधीच झालेली, पण नंतरही राखीव दलातल्या माणसांना अधूनमधून बोलावतात, तसं एक महिन्याचं बोलावणं आलं होतं. झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, एचआरला पण देऊ का?

ह्या क्षणी मी काय केलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण नंतर मी ते पुष्कळदा आठवलं. मी हात असा आडवा फिरवला, महाराणीसारखा, आणि म्हणाले, “रोस्टर को दिया मतलब कंपनी को दिया.”

क्रूच्या रजा आमच्याकडेच यायच्या. वहिवाट होती. कागदावर कुठे नव्हती. तो शुक्रिया म्हणून गेला. मी झेरॉक्स ड्रॉवरमध्ये टाकली, डायरीत ‘लष्कर’ असं लिहिलं, आणि त्याच्या तीस चौकोनांना हिरवं केलं.

तो जाऊन आठवडा झाला असेल, तोच इंजिनांचं प्रकरण आलं. आमच्या विमानांना जी इंजिनं होती त्यातल्या एका भागात दोष निघाला आणि सगळी उघडून तपासायचा हुकूम झाला. अकरापैकी सहा विमानं हँगरच्या बाहेर उभी राहिली. त्यांच्या इंजिनांच्या जागी झाकणं लावली होती, दात काढलेल्या म्हाताऱ्यांसारखी दिसायची. निम्म्या क्रूला काम उरलं नाही. मग कंपनीनं बिनपगारी रजेची योजना काढली. यादीतले खालचे लोक सहा महिने घरी, वरचे कामावर. सगळ्यांना फोनवर एक संदेश गेला: नव्या अटी वाचा, सात दिवसांत ‘मान्य’ हे बटण दाबा, न दाबल्यास आपण राजीनामा दिला असं समजण्यात येईल. जे अधिकृत रजेवर होते त्यांना संदेश परत आल्यावर मिळणार होता. जे ‘घरी, उपलब्ध’ होते त्यांना लगेच.

मी त्या दिवसांत बारा-बारा तास उरलेल्या पाच विमानांवर माणसं बसवत होते. माझ्या हिरव्या ओळींचा विचार माझ्या मनातही आला नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. घडलं ते असं.

आमचा सहवैमानिक तेव्हा लष्कराच्या कॅम्पात होता, आणि तिथे फोन दारातच जमा करून घेतात. सात दिवस गेले. आठव्या दिवशी कॉम्प्युटरनं त्याचा राजीनामा स्वीकारला.

त्याचा महिना संपला, आणि सोमवारी सकाळी मला खालून त्याचा फोन आला. कार्ड लावतोय, गेट उघडत नाहीये. मी खाली गेले. केस बारीक कापलेले, नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं, गणवेशाला कडक इस्त्री. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. ‘आपला राजीनामा स्वीकारण्यात आला आहे. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.’ खाली एक लहानसं विमानाचं चित्र होतं, उडणारं.

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता येतं. तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, मैं भागा नहीं. मैं उधर था.”

मी वर येऊन त्याची ओळ उघडली. तीसच्या तीस हिरवे. इतकी सुबक ओळ मी दुसऱ्या कुणाची लावली नव्हती.

आमचे एचआरचे साहेब पुण्याचे. ते आणि आम्ही खलिफा सिटीत एकाच गल्लीत राहतो. मंडळाच्या गणपतीत मी नाटक बसवते आणि साहेब त्यात राजा, न्यायाधीश नाही तर मुलीचा बाप होतात, कारण त्यांना आवाज आहे आणि पाठांतर नाही, आणि ह्या भूमिकांना बसून बोललं तरी चालतं. ऑफिसात आम्ही दार लावून मराठीत बोलतो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला.

“ताई, तुमच्याच पानावर तो घरी आहे.”

“अहो, तो कॅम्पात होता. मला पत्र दिलं होतं त्यानं.”

“तुम्हाला दिलं. तुम्ही म्हणजे कंपनी का?”

“तुम्हीच तर म्हणता, कंपनी म्हणजे आपण सगळे.”

“ते ॲन्युअल डेला,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी मला कायदा समजावला, आणि मला मान्य केलं पाहिजे की नीट समजावला. देशाच्या सेवेला गेलेल्या माणसाची नोकरी राखून ठेवावी लागते, तो काळ नोकरीतच धरावा लागतो, त्याचा नंबर खाली करता येत नाही, हे सगळं खरं. पण मालकाला कळलं तर पाहिजे. कळवल्याचा कागद हवा. आणि तो कंपनीचा कागद हवा, तुमच्या ड्रॉवरमधली झेरॉक्स नव्हे. ती तुम्ही काल रात्रीही ठेवली असेल. कंपनीला काही माहीतच नव्हतं, तर कंपनीची चूक काय? तरीही मन मोठं करून कंपनी त्याला परत घ्यायला तयार होती. नवा माणूस म्हणून. नवा करार, यादीत सगळ्यात खाली. गुरुवारी मीटिंग, तिथे त्यानं सही करायची.

मी म्हणाले, सगळ्यात खाली म्हणजे गुरुवारी घेणार आणि शुक्रवारी बिनपगारी घरी बसवणार.

साहेबांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

सहा महिने घरी म्हणजे काय हे ज्यांनी विमानकंपनीत काम केलं नाही त्यांना सांगते. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झाली नाहीत तर वैमानिकाला प्रवासी घेऊन जाता येत नाही. आधी सिम्युलेटर, मग परीक्षा. ती कंपनी कुणाची घेणार? जे यादीत वर आहेत त्यांची आधी. आठ वर्षांत सातव्या नंबरावर आलेला माणूस पुन्हा चौसष्टावा. आणि फायलीत कायमचं लिहिलेलं, की हा एके दिवशी काही न सांगता सोडून गेला. पुढे कुठल्याही कंपनीनं विचारलं की हेच उत्तर जाणार. हा माणूस तेव्हा छावणीत पहाटे चारला उठून कवायत करत होता.

जाता जाता साहेबांनी मला एक आपुलकीचा सल्लाही दिला. “ताई, तो इथला आहे. त्याला दहा नोकऱ्या मिळतील. ऑफिस स्टाफची यादी अजून निघायची आहे. तुम्ही फार पुढे पुढे करू नका.”

संध्याकाळी सहवैमानिकाला फोन केला तर तो सही करायला जवळजवळ तयार झाला होता. भांडत बसण्यापेक्षा विमान बरं, म्हणाला. वडिलांशी बोलला होता, तेही म्हणाले, मालकाशी वाद घालू नकोस. खलास. मी म्हटलं गुरुवारपर्यंत कशावरही सही करू नकोस. क्यूँ मॅडम? माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ते जास्त ठासून दिलं. म्हटलं, क्योंकि मैं बोल रही हूँ.

घरी मी थालीपीठं लावता लावता नवऱ्याला आणि मुलीला सगळी हकीगत सांगितली, आवाज बदलून, साहेबांच्या पेन्सिलीसकट. मुलगी अकरावीत आहे. तिनं फोनवरून मान न उचलता निकाल दिला, “आई, यू लाइड टू अ सॉफ्टवेअर. दॅट्स अ न्यू लो.” नवरा इंजिनिअर, तो प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी बघतो. तो म्हणाला, तू उद्या जाऊन सगळं कबूल केलंस समज. काय होईल? तुला वॉर्निंग लेटर देतील. त्यात लिहितील, बाईंनी लष्कराचं पत्र घेतलं आणि नोंद केली नाही. म्हणजे ते मोकळे आणि तू अडकलीस.

माझा हात तव्यावरच थांबला. थालीपीठ करपलं, मुलीनं खिडकी उघडली, नवरा म्हणाला काय झालं.

मी म्हटलं, परत बोल. काय लिहितील?

बुधवारी मी साधा कुर्ता घातला, टिकली लहान लावली, लिपस्टिक लावली नाही. साहेबांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, मला रात्रभर झोप नाही. मी चुकले आहे आणि मला शिक्षा हवी आहे.

साहेबांचा चेहरा जो उजळला तो पाहण्यासारखा होता. त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरत होतं. गुरुवारच्या मीटिंगला मालकांची वकीलबाई येणार होती आणि तिनं विचारलं असतंच, की हे झालं कसं. आता त्यांना एक माणूस मिळाला होता, आणि तो स्वतःहून चालत आला होता. त्यांनी मला बसवलं, टिश्यूचा डबा पुढे केला, म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका, कारकुनी चूक म्हणून एक साधं पत्र देतो.

“साधं नको,” मी म्हणाले. “साधं दिलंत तर मी पुन्हा करेन.”

आता साहेबांची एक दुखरी जागा सांगते. त्यांना आपल्या इंग्रजी ड्राफ्टिंगचा फार अभिमान आहे. अर्ध्या वाक्यात सुटेल असं काम ते साडेतीन ओळींत करतात आणि मग मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यांनी लिहायला घेतलं. पहिला खर्डा वाचला. मी नाक पुसत म्हटलं, “साहेब, इथे नुसतं ‘पत्र मिळाले’ म्हटलंय. कुणाला मिळालं? असं वाटतं मला ते रस्त्यात सापडलं. मी माझ्या पदाचा किती गैरवापर केला ते दिसायला हवं.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खोडून लिहिलं, की सदर पत्र आपण आपल्या पदाच्या अधिकारात, कंपनीच्या वतीने, स्वीकारले होते.

“तारीख?”

त्यांनी तारीख घातली. मी डायरी उघडून दाखवली, तिथून उतरवून घेतली.

“आणि त्याचं नुकसान काय झालं ते नकोच लिहूया,” मी म्हटलं. “मला फार लाज वाटते.”

त्यावर साहेबांनी पेन जोरात उचललं. पुढचं वाक्य सर्वस्वी त्यांचं आहे, त्याचं श्रेय मी घेणार नाही. त्यांनी लिहिलं, की कायद्याने जी जागा व जो क्रमांक राखून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे, ती जागा आपल्या ह्या बेजबाबदार कृत्यामुळे, राष्ट्रीय कर्तव्य बजावत असलेल्या सहकाऱ्याकडून हिरावली गेली.

हे त्यांनी त्यांच्या त्या राजाच्या आवाजात वाचलं, आणि मी तोवर जे रडत होते ते नाटक होतं, पण इथे मला खरंच रडू आलं. कारण ते खरं होतं. त्या पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पडदा हिरवा दिसावा म्हणून एका माणसाला घरी बसवलं होतं आणि त्याची आठ वर्षं गेली होती. मी सही केली. वर ‘अंतिम ताकीद’ असं ठळक अक्षरात, खाली साहेबांची सही, कंपनीचा गोल शिक्का. मी म्हणाले, मला एक प्रत द्या, मी रोज वाचत जाईन.

साहेबांनी रंगीत प्रिंट दिली.

गुरुवारी सकाळी अकराला मीटिंग. साहेब, विभागप्रमुख, वकीलबाई आणि सहवैमानिक. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणजे मी माझी चूक चार लोकांत पुन्हा सांगायची होती. टेबलावर नवा करार, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. वकीलबाई बारीक, चष्मा दोरीला अडकवलेला, घड्याळाकडे बघत होती. साहेबांनी प्रस्तावना केली, की कंपनीला ह्या अनुपस्थितीची काही कल्पना नव्हती, तरीही सहानुभूतीनं वगैरे. सहवैमानिकानं त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग फाइल उघडून एक कागद वकीलबाईपुढे सरकवला. सकाळी पार्किंगमध्ये मीच माझ्या ताकीदपत्राची ती झेरॉक्स त्याच्या हातात दिली होती.

तिनं एकदा वाचला. चष्मा नीट करून पुन्हा वाचला. मग साहेबांना विचारलं, हे आपलंच लेटरहेड आहे ना. साहेब हो म्हणाले. आणि ही सही? माझीच, साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा लहान निघाला.

“इथे लिहिलंय की कंपनीनं ह्याचं पत्र स्वीकारलं,” वकीलबाई म्हणाली. “मग ह्यानं राजीनामा दिला कधी?”

 विभागप्रमुख खिडकीतून बाहेर बघावं तसा भिंतीकडे बघायला लागला. त्या खोलीलाही खिडकी नव्हती.

तिनं नवा करार उचलला, दुमडला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग तिचं आणि सहवैमानिकाचं अरबीत बोलणं झालं. मला त्यातला एकच शब्द कळला, कारण तो आपल्याकडेही आहे: हक्क. तो शब्द त्यानं दोनदा उच्चारला, आवाज न चढवता. अर्ध्या तासात कागद तयार झाला. राजीनामा रद्द, महिना नोकरीत धरलेला, क्रमांक सात कायम, आधार म्हणून माझ्या ताकीदपत्राची तारीख आणि जावक क्रमांक. बाहेर पडल्यावर सहवैमानिक माझ्यापुढे उभा राहिला.  मी म्हटलं, माझ्यामुळे गेलं होतं, आभार मानू नकोस. तो म्हणाला, मालूम है मॅडम, इसलिए नहीं मान रहा. मला हे उत्तर फार आवडलं.

दुपारी पँट्रीत साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कडक चहाचा कागदी कप हातात, नजर भिंतीवर.

“फसवलंत मला ताई.”

“एक खोटा शब्द दाखवा त्या पत्रातला.”

“तेच तर,” साहेब म्हणाले.

त्यानंतर आमच्या खोलीत हिरवं करणं बंद झालं. मीच बंद केलं. जे माहीत नाही ते लाल, आणि जे माहीत आहे पण खूण नाही तेही लाल. विभागप्रमुख एका सकाळी तेविसापर्यंत मोजून मधेच थांबला आणि स्वतःच जाऊन नव्या खुणांचा फॉर्म भरला. लोक मात्र आता झेरॉक्स आणून देताना वर सही मागायला लागले. राखीव दलातला दुसरा एक जण आपलं पत्र घेऊन आला, मग एक इंजिनिअर आला. माझ्या ताकीदपत्राची गोष्ट रॅम्पपर्यंत, म्हणजे विमानं उभी असतात तिथपर्यंत, गेली होती, आणि मी ती सांगितली नव्हती असं मी शपथेवर म्हणणार नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर ऑफिस स्टाफच्या बिनपगारी रजेची यादी होती. चार महिने. ज्यांच्या फायलीत अंतिम ताकीद आहे त्यांची नावं आधी. म्हणजे एकच नाव. साहेब म्हणाले, हे त्यांना स्वतःला बरं वाटत नाहीये, आणि मला ते खरं वाटलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मॅनेजमेंट ते पत्र मागे घ्यायला तयार आहे. पूर्णपणे. जणू दिलंच नव्हतं. रेकॉर्ड स्वच्छ, यादीत नाव नाही. फक्त ती रंगीत प्रिंट परत करायची आणि इथे सही करायची.

मी कागद वाचला. ‘सदर पत्र सुरुवातीपासूनच निरर्थक समजण्यात यावे.’ ड्राफ्टिंग साहेबांचं नव्हतं. हे लहान वाक्य होतं, दुसऱ्या कुणाचं तरी.

“पत्र निरर्थक झालं, तर त्याचा सातवा नंबर कशावर उभा राहणार?” मी विचारलं.

“त्याला कोण हात लावतंय आता?”

“मग हे पत्र कशाला हवंय?”

साहेब पेन्सिलीचं टोक बघायला लागले. पुण्याचा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याला उत्तर माहीत असतं.

मला चार महिने घरी बसायचं नव्हतं. मुलीची बारावी पुढे होती, आणि तसंही मी घरी बसणाऱ्यातली नाही. मी घरी बसले की सगळ्यांनाच त्रास होतो. पण ती ताकीद माझी होती. मी ती रडून, मागून, एकेक शब्द निवडून मिळवली होती, आणि आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत तेवढं एकच खरं होतं. मी त्यांना सांगितलं, शिक्षा मला दिली आहे, ती मी पूर्ण घेणार. तो कॅप्टन झाला, त्याच्या खांद्यावर चौथी पट्टी आली, की या. मग बघू.

“ताई, हट्ट कशाला? तो उडतोय आता. काल कोलंबोला गेला.”

“ठाऊक आहे. मीच पाठवला. उडतोय म्हणूनच हट्ट.”

मग मी यादीतल्या माझ्या नावापुढे उभ्याउभ्या सही केली, चार महिन्यांची बिनपगारी रजा मान्य असल्याची, आणि साहेबांकडे पोच मागितली.  मग त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का काढला, त्यावर दोनदा फुंकर मारली आणि कागदावर नीट दाबून उमटवला. पोच माझ्या हातात देताना म्हणाले, “वाचून घ्या आधी. ह्या वेळी मी एकही विशेषण घातलेलं नाही.”